कामगार मागनं का येत नाहीत

माझं काम सरळ आहे. जज बोलतात, मी टाइप करते, त्यांची सही होते, आणि घरी जाताना मी ते सगळं कोर्टाच्या पायरीवर टाकून जाते. लग्न झालं तेव्हा नवरा रोज विचारायचा, "आज काय झालं कोर्टात?" मी म्हणायची, "भेंडी महाग झाली." आता विचारायचं सोडून दिलंय त्यानं. स्टेनोला विसरता आलं पाहिजे, नाहीतर तिनं दुसरी नोकरी बघावी. म्हणून मला फार प्रश्न विचारणारी माणसं सोसत नाहीत, आणि देवानं नेमकी तसली एक आणून माझ्या शेजारच्या टेबलावर बसवली.

ऋतुजा तिचं नाव. अकलूजची पोरगी, वडील साखर कारखान्यात कामाला, पुण्यातनं कायदा शिकून आलेली. आमच्या मॅडमना विधी सहायक म्हणून वर्षाच्या करारावर दिलेली. हायकोर्टात जजांच्या हाताखाली अशी मुलं असतात हे ऐकून होतो, पण आमच्या कोर्टात ही पहिलीच. त्यामुळं पट्टेवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळ्यांना एकच कोडं, ही पोरगी दिवसभर करते तरी काय. तर ती फायली वाचायची. दोन्ही बाजूंचं म्हणणं काढायची, जुने निकाल शोधायची आणि चार पानांची नोट करून मॅडमच्या टेबलावर ठेवायची. निकाल मॅडमचा. हिनं कोर्टात तोंड उघडायचं नाही, वकिलांशी केसबद्दल बोलायचं नाही.

वकिलांना ते पटायचं नाही. एक जण तर शेंगाचटणीचा डबा घेऊन आला होता तिच्यासाठी, "आमच्या घरची आहे, सहज आणली" म्हणत. मी म्हटलं, "वकीलसाहेब, सहज परत घेऊन जा."

आणि तिचे प्रश्न. साक्षीदार उभा राहून का बोलतो, बसून का नाही? म्हातारे वकील घसा खाकरल्याशिवाय 'मिलॉर्ड' का म्हणत नाहीत? तारीख मिळाली की माणसं हसतात का? मी म्हणायची, "अगं बाई, चौकशीला जीएसटी नाही म्हणून काय उठल्याबसल्या करायची?" ती हसायची आणि पुढचा विचारायची.

आमच्या उत्कर्षा मॅडम परभणीकडच्या. आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. त्यांनी ऋतुजाला पहिल्याच दिवशी काम समजावलं. "फाइल वाचून झाली की तुझं मन कुणाकडं तरी झुकेल. झुकू दे. पण नोट लिहिताना ज्याची बाजू पटली नाही, त्याची आधी लिहायची, आणि अशी लिहायची की तो स्वतः वाचून खूश झाला पाहिजे." मग म्हणाल्या, "आणि फायलीत जे नाही ते माझ्यासाठी जगात नाही. बाहेरचं काही कानावर आलं तर ते माझ्या दाराच्या आत आणायचं नाही."

ऋतुजानं मान डोलावली. नव्या माणसाची मान फार पटकन डोलते.

त्यात चंद्रव्वाचं अपील आलं.

चंद्रव्वा म्हणजे साठी ओलांडलेली लिंगायत बाई, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कन्नड, बाहेर तिच्या पद्धतीचं मराठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तिचं एक पत्र्याचं शेड आहे, नवऱ्याच्या नावचं, आता तिच्या. दुपारी ती तिथं पॉवरलूमच्या कामगारांना भाकरी आणि आमटी घालते. शेडच्या पुढं शिवयोगी शेठचा टॉवेलचा कारखाना. त्या कारखान्याच्या भिंतीला लागून एक बोळ आहे, त्या बोळातनं कामगार मोठ्या रस्त्यावरून तिच्याकडं येतात. शेठचं म्हणणं, बोळ माझ्या जागेत आहे, माझ्या सुताच्या कोनी, गुंडाळलेली रिळं, चोरीला जातात, मी तिथं भिंत घालणार. चंद्रव्वाचं म्हणणं, आमची वहिवाट जुनी आहे, भिंत घातली तर माझ्याकडं कुत्रंसुद्धा येणार नाही. म्हणजे सरळ हिशेब. वाट बंद झाली की चूल बंद.

खालच्या कोर्टात ती हरली होती. का, तर उलटतपासात तिनं स्वतःच सांगितलं होतं, "मागनं बी वाट हाय. पन कामगार मागनं येत न्हाईत." कोर्टानं पहिलं वाक्य उचललं. मागनं वाट आहे ना, मग पुढची हवी कशाला. आमच्या कोर्टानं दिलेल्या स्थगितीमुळं भिंत तेवढी थांबली होती.

ऋतुजा ती साक्ष वाचत बसली होती. मधेच माझ्याकडं वळली. "ताई, का येत नाहीत?"

"कोण?"

"कामगार. मागनं."

"मला काय माहीत? मी काय टॉवेल विणते?"

"नाही, पण कुणी विचारलंच नाही बघा. तिच्या वकिलानं विचारलं नाही, समोरच्यानं नाही, कोर्टानं नाही. 'येत नाहीत' म्हणाली आणि सगळे पुढच्या प्रश्नावर गेले. असं कसं?"

मी म्हटलं, लांब पडत असेल. तिनं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, लांब नव्हतं. उलट बऱ्याच कारखान्यांना मागची वाटच जवळची होती. आमचा पट्टेवाला मल्लप्पा चहा घेऊन आला होता, तो म्हणाला, "कुत्री असत्याल." मग म्हणाला, "नाहीतर गटार." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मॅडम, रात्री इचार केला. मागं काय भुताटकी-बिताटकी तर न्हाई?" मी त्याला हाकलला. पण खरं सांगू? घरी कणीक मळता मळता माझाही हात थांबला. सपाट वाट, जवळची वाट, तिकडं गरम भाकरी, आणि उपाशी माणसं वळसा घालून येतात. का बरं?

नोट सोमवारी द्यायची होती. शनिवारी तिची नोट तयार होती, शेठची बाजू आधी, अगदी शेठला फ्रेम करून लावावीशी वाटेल अशी. पण ती देईना. म्हणाली, "ताई, एक भोक राहिलंय त्यात. प्रश्न लिहून त्याचं उत्तर नाही असं कसं देऊ मॅडमना? अर्धवट वाटतं." वर्गात पहिली येणारी पोरं ती. पेपरात प्रश्न सोडून यायची सवयच नाही.

मी म्हटलं, "दे तशीच." ती हो म्हणाली आणि रविवारी तिथं गेली.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर चालू करत होते तेवढ्यात ती आली. चेहरा नुसता फुललेला. खुर्ची ओढून माझ्या कानाशी आली. "ताई, कळलं. मागनं का येत नाहीत ते कळलं."

मी तिच्याकडं वळले. "कुणी सांगितलं?"

"मी गेले होते काल. मागच्या वाटेनंच गेले. त्या वाटेच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे. म्हणजे दुकानाच्या दारातनंच जावं लागतं. त्या वाटेत शिरले तर चार जण माझ्याकडं असे बघायला लागले की मी पदर नसताना पदर सावरला. मग तिथं जेवायला बसले, शेजारच्या कामगाराला विचारलं, दादा, तुमचा कारखाना तर मागं आहे, तुम्ही वळसा का घालता? तो हसला. म्हणाला, मागनं गेलो की मुकादम म्हणतो तोंड उघड, आन् वास घेतो. एकदा त्या वाटेनं येताना दिसलं की नाव झालंच. मग घरापर्यंत बातमी जाते. कशाला ते?" ती श्वास घ्यायला थांबली. "इतकं साधं आहे ताई. तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच कुणाला सांगावंसं वाटलं नाही."

आता हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. दोन दिवसांचं कोडं सुटलं की माणसाला बरं वाटतंच. पण ते क्षणभर. मग मी अशी भडकले की मल्लप्पा दारातनंच परत फिरला.

"तुला अक्कल आहे का गं? जेवलीस तिथं? तिच्या हातचं?"

"पैसे दिले मी. त्या घेत नव्हत्या, म्हणाल्या पोरीकडनं काय घ्यायचं. मी ठेवून आले."

"आणि सांगितलंस तू कोण ते?"

"नाही. एवढं कळतं मला."

"तेवढंच कळतं. नसती उठाठेव करून बसलीस. आता गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोट दे आणि विसरून जा."

तिनं नोटेची पानं सरळ केली. मग हळू म्हणाली, "विसरू कसं? मी विसरले तर ती म्हातारी हरते."

"आणि सांगितलंस तर?"

ती उठून आपल्या टेबलाकडं गेली. पण तिला खोटं वागता येत नव्हतं, हा तिचा दुसरा दोष. मॅडम आल्या, तशी ती मागोमाग चेंबरमध्ये गेली. मी डिक्टेशनची वही घेऊन आत होतेच.

"मॅडम, चंद्रव्वाच्या अपिलात, मी काल त्या जागेवर..."

मॅडमनी हात वर केला. नुसता तळहात. "गेली होतीस?"

"हो."

"पुढं एक शब्द बोलू नकोस. काय बघितलंस ते मला सांगायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

ऋतुजाचे डोळे भरले. "पण मॅडम, फायलीत एक प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. कामगार मागनं का..."

"तो मला दिसलाय," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी मी ती साक्ष वाचली. तू नोटेत काय लिहितेस याची वाट बघत होते. तू तेवढं एक वाक्य लिहिलं असतंस, की हे कुणी विचारलेलं नाही, तर मी आज दोन्ही वकिलांना भर कोर्टात विचारलं असतं आणि जादा पुरावा घेतला असता. तुझं काम तेवढंच होतं, ऋतुजा. प्रश्न आणून द्यायचा. उत्तर आणायला त्या बाईला वकील आहे."

मला त्या पोरीची इतकी कीव आली की मी वहीत उगाच तारीख लिहीत बसले.

"आता मी तो प्रश्न विचारला," मॅडम पुढं म्हणाल्या, "तर शेठचा वकील म्हणेल, जजची माणसं आधी जाऊन बघून आली. आणि त्याचं बरोबर असेल."

त्याच दुपारी अपील पुकारलं. मॅडमनी दोन्ही वकिलांना उभं केलं आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. माझ्या सहायकानं वादातल्या जागेला भेट दिली आहे. तिनं काय पाहिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. कुणाची हरकत असल्यास सांगावी. शेठचे वकील जोतीराम पाटील, मुरलेला माणूस, नम्रपणे उठले. "मॅडमवर आमचा पूर्ण विश्वास आहे. तरीपण." ह्या 'तरीपण'मध्ये सगळं आलं. मॅडमनी अपील दुसऱ्या कोर्टाकडं द्यावं म्हणून कागद वर पाठवला.

चंद्रव्वा मागच्या बाकावर होती. तिला ह्यातलं काही कळलं नव्हतं. पण कोर्ट उठल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात तिनं ऋतुजाला बघितलं आणि तरातरा आली. "तू हितं? आगं, तू तर जेवायला आलीवतीस की माझ्याकडं." तिनं पोरीचा हात धरला. "कोर्टात कामाला हाईस व्हय? मग सांग की त्या बाईसायबास्नी. तू बघितलंस की समदं तुज्या डोळ्यानं."

ऋतुजा भिंतीला चिकटून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, आणि मान नुसती हलवतेय, नाही नाही म्हणून. म्हातारी हात सोडेना. "सांग की गं. बोलायला काय हुतंय तुला?"

मीच मधे पडले. कन्नडमध्ये म्हटलं, अव्वा, तिला बोलायची परवानगी नाही, सोडा तिला. म्हातारीनं हात सोडला आणि तिच्याकडं अशी बघायला लागली की मी त्या जागी असते तर नोकरी टाकून बोलले असते. राग नव्हता हो त्यात. नवल होतं. डोळ्यानं बघितलेलं माणसाला सांगता येत नाही, हा कुठला कायदा, असं.

चंद्रव्वाची वकील प्रियंका, हिनं अपिलात नव्यानंच वकीलपत्र घातलेलं. ती हे सगळं दोन पावलांवरून बघत होती. शहाणी पोरगी. ऋतुजाला तिनं एक शब्द विचारला नाही. चंद्रव्वाला जिन्याखाली नेलं आणि विचारलं, "आजी, ती तुमच्याकडं येऊन असं काय बघून गेली असेल?" इतक्या वर्षांत त्या बाईला कुणी हे पहिल्यांदा विचारलं.

ऋतुजाचा करार पुढच्या आठवड्यात संपवला गेला. मॅडमनी तिला वाचवलं नाही. पण ती निघताना उभ्या राहिल्या, आणि मॅडम कुणासाठी उभ्या राहिलेल्या मी बघितलेल्या नाहीत. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतनं तिनं तोंड बाहेर काढलं. मला वाटलं, रडते की काय. तर म्हणते, "ताई, एक कळत नाही. दारूच्या दुकानाचं साक्षीत सांगायला काय हरकत होती त्यांना? इतकी वर्षं खेटे घातले, हरल्या, आणि एक वाक्य बोलल्या नाहीत. का?"

मी म्हटलं, "बाई गं, आता तरी पुरे कर." गाडी सुटली.

प्रियंकानं नव्या कोर्टात अर्ज केला, तेवढ्या एका प्रश्नापुरती चंद्रव्वाची जादा साक्ष घ्यावी म्हणून. तो मंजूर झाला. आणि माझं नशीब बघा, त्या कोर्टाची स्टेनो बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचं काम माझ्या गळ्यात आलं. साक्षीच्या दिवशी कॉम्प्युटरवर मी.

मला उत्तर माहीत होतं, आणि मी दगडासारखी बसले होते. प्रियंकानं विचारलं. चंद्रव्वानं दारूच्या दुकानाचं सांगितलं, मुकादम वास घेतो ते सांगितलं, शांतपणे, मराठीत. मला वाटलं, झालं, सुटली बाई. मग जोतीराम वकील उठले.

"आजी, हे दुकान तिथं किती वर्षं आहे?"

"लई वर्सं."

"मागच्या साक्षीच्या वेळी होतं?"

"हुतं की."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? आता तुम्हाला कुणीतरी शिकवून आणलंय, म्हणून सांगताय ना?"

वकिलाची चूक नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. आणि ऋतुजानंही एसटीच्या खिडकीतनं हेच तर विचारलं होतं. सगळं कोर्ट चंद्रव्वाकडं बघायला लागलं. ती बोलेना. पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. त्या कोर्टाचे जज साहेब म्हणाले, "आजी, उत्तर द्यावं लागेल. नाही दिलं तर तुम्ही खोटं बोलताय असा अर्थ होईल."

तिनं कोर्टभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. व्हरांड्यात मी कन्नड बोलले होते ना, ते तिनं ध्यानात ठेवलं होतं. ती खाली वाकून, अगदी घरातल्यासारखी, माझ्याशी कन्नडमध्ये बोलायला लागली.

साहेब विदर्भातले. म्हणाले, "काय म्हणतायत? तुम्हाला कन्नड येतं ना?" वकिलांना विचारलं, दोघांनी हरकत नाही म्हटलं. मला उभं करून शपथ दिली, की जे ऐकते तेच सांगेन, काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या शपथा टाइप केल्या होत्या. स्वतः पहिल्यांदाच घेत होते.

आणि मग ती बोलत गेली आणि मी तिचं बोलणं मराठीत, मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं सांगत गेले.

"माझा नवरा त्या दुकानाच्या दारात मेला. सकाळी माणसांनी फळीवर घालून आणला. तोंडाला माश्या बसलेल्या. मी माणसांच्या पाया पडले, म्हटलं, कुणाला सांगू नका. छातीत दुखून गेला असं मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या मुलीचं तेव्हा ठरत होतं. माळकरी, कडक माणसं आहेत ती. दारू पिणाऱ्याच्या घरची मुलगी त्यांनी केली नसती. अजून त्यांना माहीत नाही. त्या दुकानाचं नाव काढलं तर कुणीतरी पुढचं विचारील, म्हणून मी नाव काढत नाही."

'माझा नवरा' म्हणताना माझा आवाज गेला. साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं, मला वाटलं तिला, तर मला. मग त्यांनी वाक्यं नीट करून सांगितली आणि ती मीच टाइप केली. मग नियमाप्रमाणं साक्ष तिला वाचून दाखवायची होती, तिच्या भाषेत. ती पण मीच. एकाच बाईचं दुःख एका दिवसात तीनदा माझ्यातनं गेलं.

वाचून संपल्यावर चंद्रव्वा म्हणाली, "नवऱ्याचं तेवढं काढा."

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "काढता येत नाही, आजी." आवाज मऊ होता, पण काढता येत नाही म्हणजे येत नाही. "पाहिजे तर तुमच्या वकिलांशी बोला. जादा साक्ष नकोच असं म्हणायचं असेल तर तसं सांगा, मी विचार करीन."

प्रियंका पिंजऱ्याजवळ गेली. तिनं लपवलं नाही. ही साक्ष राहिली तर वाट राहण्याची आशा आहे, गेली तर वाट गेली. चंद्रव्वा ऐकून घेत होती. जोतीराम वकील फायलीत बघत बसले होते, पान उलटत नव्हते. शिवयोगी शेठ मागच्या बाकावर होते, ते उठून बाहेर गेले.

तिनं माझ्याकडनं पेन घेतलं आणि कन्नडमध्ये सही केली. अक्षरं मोठी मोठी, पहिलीतल्या पोरासारखी. मग पेन परत देताना मला म्हणाली, "तुमी बरोबर सांगितलासा अक्का." मला तिच्या तोंडाकडं बघवेना. माझ्या बापाची शपथ, त्या क्षणी ती अकलूजची पोरगी समोर असती तर मी तिच्या एक कानाखाली दिली असती आणि मग तिला पोटाशी धरलं असतं.

अपील मंजूर झालं. वाट राहिली. शेठनं भिंतीचा नाद सोडला, वरच्या कोर्टात जाणार नाही म्हणाले असं ऐकलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन. आता ती अकलूजला एका वकिलाकडं जाते. तिनं कोर्टाच्या वेबसाइटवर निकाल वाचला होता. आजकाल सगळे निकाल तिथं असतात, कुणीही उघडावेत. मी म्हटलं, "मिळालं ना उत्तर? भागली ना तुझी खाज?" जरा जास्तच टाकून बोलले.

ती म्हणाली, "ताई, त्यांच्या नवऱ्याचं आहे त्यात. सविस्तर आहे. मुलीच्या सासरी कुणी वाचलं असेल का?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

पण तो प्रश्न काही केल्या फोनबरोबर बंद होईना. मी कोर्टातलं घरी नेत नाही, तरी तो आलाच. भाजी फोडणीला टाकताना, कपडे वाळत घालताना. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, "काय झालंय तुला?" मी भेंडीचं कारणसुद्धा सांगितलं नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी मी रिक्षा केली आणि अक्कलकोट रोडला गेले. निकाल लागला होता, माझं तिथं काही काम नव्हतं, जायला बंदीही नव्हती. पुढच्या बोळातनं गेले. कारखान्याच्या भिंतीला सायकली लावलेल्या, आत खडखडाट चाललेला, शेडमध्ये माणसं पंगतीसारखी बसलेली. चंद्रव्वा आमटी वाढत होती. मला बघितलं, ओळखलं, पाट सरकवला.

चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती. तिशीतली असेल, हातात हिरवा चुडा, अंगावर चांगली साडी, पदर कमरेला खोचलेला. शेजारी भिंतीला टेकून मोठी बॅग, चेन न लागलेली, वर कपडे आलेले.

"माझी लेक," चंद्रव्वा म्हणाली, आणि ताटात भाकरी टाकून पुढच्या माणसाकडं गेली.

लेकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत पिठात हात घातला. ती दोन दिवसांच्या माहेरपणाला आली होती, का तिला पाठवून दिलं होतं, का स्वतःच सगळं सोडून आईच्या हाताखाली आली होती, मला काही कळेना. तोंडावरनं तर काहीच कळत नव्हतं. विचारलं असतं तर चंद्रव्वानं मला सांगितलंही असतं. प्रश्न अगदी जिभेवर आला होता.

मी आणखी एक भाकरी मागितली.